झडप आणि घास

'झडप' हा शब्द मराठीत किती कामे करतो पाहा. घार कोंबडीच्या पिलावर झडप घालते. तिन्हीसांजेला चिंचेखालून आलेल्या पोराला झडप लागते आणि मग त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवाव्या लागतात. लोहाराच्या भात्याला आतून झडप असते. ती वारा आत घेते, पण मागे जाऊ देत नाही. आणि तुमच्याआमच्या छातीत अशा चार झडपा आहेत. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात, पण त्यांची आठवण आपल्याला होते ती एखादी बिघडल्यावरच. मराठी शिकवणाऱ्या माणसाने हृदयाच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे कोणी विचारण्यापूर्वीच सांगून टाकतो, की यंदाचे निम्मे वर्ष आमच्या घरात या एकाच शब्दाभोवती फिरले.

मी भिवंडीजवळ टेमघरला राहतो. टेमघर म्हटले की बाहेरगावच्या मंडळींना काही बोध होत नाही. 'कल्याण रस्त्यावर, भिवंडी सोडता सोडता' असे समजावून द्यावे लागते. परंतु ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर इकडच्या कितीतरी घरांत टेमघरचेच पाणी जाते. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलायचे, टेमघरला आणून शुद्ध करायचे आणि पुढे सोडायचे, अशी ही योजना. 'स्टेम' हे तिचे नाव पडले तेही शहाड आणि टेमघर या दोन नावांवरूनच. तेव्हा पाणी, पंप आणि व्हॉल्व्ह ही आमच्याकडे रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. जुन्या नळाला आतून चुन्याचा थर धरतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, पंप जीव तोडून ढकलतो आणि तरीही चौथ्या मजल्यावरच्या बाईची बादली भरत नाही.

उतारवयात माणसाच्या महाधमनीच्या झडपेचे नेमके असेच होते. हृदयातून अंगभर रक्त सोडणारी ही मुख्य झडप. तिला तीन पातळ पाने असतात आणि ती पुरती उघडली म्हणजे तीन ते चार चौरस सेंटिमीटर वाट मोकळी होते. वय वाढते तसे काहींच्या त्या पानांवर कॅल्शियम साचते, पाने ताठरतात, आणि वाट एक चौरस सेंटिमीटरहून कमी उरली की डॉक्टर 'गंभीर' हा शब्द उच्चारतात. मग चालताना धाप लागते, छातीत दुखते, आणि चौथ्या मजल्यावर पाणी चढू नये तसे डोक्यात रक्त चढत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते.

माझ्या आत्याला ती अंधारी फाल्गुनात आली, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर. आत्या एकोणऐंशी वर्षांची. काका भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होते; ते गेल्यापासून बारा वर्षे ती आमच्याकडेच असते. "ऊन लागलं, दुसरं काय!" हे तिचे स्वतःचे निदान. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकले, आणि काही न बोलता चिठ्ठी लिहायला घेतली. डॉक्टर काही न बोलता चिठ्ठी लिहू लागले म्हणजे घरच्यांनी काय ते समजावे. इको झाला, मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाची वारी झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की झडप बदलावी लागेल. पण छाती न उघडता, मांडीतल्या धमनीतून.

आता हे ऐकून आमच्या मागच्या पिढीतला माणूस हसला असता. झडप बदलणे म्हणजे छाती उघडणे, हेच त्याने ऐकलेले. अमेरिकेत आल्बर्ट स्टार या शल्यविशारदाने आणि लॉवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरने मिळून हृदयात कृत्रिम झडप बसवली ती १९६० साली. पिंजऱ्यात ठेवलेला एक चेंडू वरखाली होई, अशी ती झडप होती. आपल्या मुंबईत के. ई. एम. इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८च्या फेब्रुवारीत हृदयारोपणापर्यंत मजल मारली होती. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली देशी झडप १९९०च्या डिसेंबरात पहिल्यांदा एका रुग्णाला बसवली आणि पुढे ती हजारोंच्या छातीत टिकटिकू लागली. त्यांतले पुष्कळजण तरुण होते, कारण आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापाने झडपा खराब होणे हे दुखणे फार. म्हाताऱ्यांची कथा वेगळी. त्यांच्या झडपेला चुना लागलेला, आणि छाती उघडण्याचे ओझे सोसवेल असा देह उरलेला नाही. अशांसाठी फ्रान्समधल्या रूआं शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी घडी केलेली झडप नळीतून नेऊन हृदयात उघडली. तो पहिला रुग्ण सत्तावन्न वर्षांचा होता आणि अगदी अखेरच्या अवस्थेत होता. झडप उत्तम चालली. रुग्ण मात्र चार महिन्यांनी गेला. त्याला इतर दुखण्यांनी नेले. ही हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे. झडप चांगली आणि माणूस तगला नाही, हा प्रकार या उपचाराच्या पहिल्या दिवसापासून त्याच्या सोबतीला आहे.

या उपचाराला आज सगळे 'टावी' म्हणतात. गुजरातच्या वापीला अशी झडप तयार होते, म्हणजे आमच्या टेमघरहून एका दिवसात जाऊन यावे इतक्या अंतरावर.

टावीची बातमी घरात पसरली तसे नातेवाईक जमू लागले. खर्च किती, विमा आहे का, सरकारी योजनेत काय बसते, धाकट्या भावाकडून किती यावेत, आत्याच्या पाटल्या मोडायच्या की गहाण ठेवायच्या, सर्जन नामांकित आहे ना, झडप देशी घालायची की परदेशी, असे आठ दिवस सारखे बोलणे चालले होते. त्या सगळ्या बोलण्यात आत्या रोज काय जेवते, हा प्रश्न कोणाच्या तोंडून निघाला नाही. निघण्याचे कारणही नव्हते. आपल्याकडे म्हातारे माणूस थोडे खाते याला 'पथ्याने राहते' म्हणतात, आणि पथ्याने राहणाऱ्याबद्दल आपल्याला आदर असतो.

तो प्रश्न विचारला इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीने. वय असेल पंचवीस-सव्वीस. ती आत्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झालंय का?"

"या वयात लागतंय किती ग बाळ?" आत्या म्हणाली.

"किती लागतं ते मी सांगते. तुम्ही किती घेता ते सांगा."

तिच्याजवळ सहा प्रश्नांचा एक कागद होता. जेवण घटले आहे का. वजन घटले आहे का. घराबाहेर हिंडताफिरता येते का. अलीकडे मोठे आजारपण किंवा मनाला धक्का झाला का. स्मरणशक्ती आणि मनःस्थिती कशी आहे. आणि उंचीच्या मानाने वजन किती. उभे करून वजन घेता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजायचा. तो एकतीस सेंटिमीटरहून कमी भरला की गुण शून्य. एकूण गुण चौदा. बारा किंवा वर मिळाले तर पोषण ठीक, आठ ते अकरा म्हणजे धोक्याची कड, सात किंवा खाली म्हणजे कुपोषण. आत्याला सात मिळाले.

'कुपोषण' हा शब्द ऐकून आमच्या हिचा चेहरा उतरला. कुपोषण म्हणजे मेळघाट, कुपोषण म्हणजे जव्हार-मोखाडा, हातापायांच्या काड्या झालेली मुले, असे आपल्या डोक्यात बसलेले आहे. दुधाचा रतीब असलेल्या, फ्रीजमध्ये तीन भाज्या असलेल्या घरात हा शब्द शिरतो म्हणजे काय? पण तो शिरतो. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरच्या वृद्धांची जी मोठी पाहणी २०१७-१८ साली केली, तीत साठीच्या पुढच्या माणसांपैकी शंभरात सत्तावीस जण वजनाने कमी आढळले.

मग त्या मुलीने आत्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. "वजन एक्केचाळीस किलो आहे, पण त्यात ही सूजसुद्धा आली," ती म्हणाली. हृदय थकले की अंगात पाणी साचते, आणि काटा ते पाणीही मांसाच्या हिशेबात धरतो. बाहेरून पाय भरल्यासारखे दिसतात आणि आत मांस झिजत असते. घरच्या काट्यावर 'वजन तेवढंच आहे की!' असे समाधान मानणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

सहा प्रश्नांचा हा कागद दिसायला शाळकरी, परंतु त्याचे वजन मोठे आहे. कॅनडा, अमेरिका आणि फ्रान्समधल्या चौदा इस्पितळांत झडपेचा उपचार घेणाऱ्या ११५८ वृद्धांना हाच कागद लावून पाहिला. सरासरी वय एक्क्याऐंशी. हा अभ्यास २०१८ साली छापून आला. शंभरात जवळजवळ नऊ जण कुपोषित होते आणि तेहतीस जण त्या कडेवर. वर्ष सरता सरता ज्यांचे पोषण ठीक होते त्यांच्यातले शेकडा दहा गेले होते आणि कुपोषितांतले शेकडा अठ्ठावीस. झडपा त्याच, इस्पितळे तीच. त्याच मंडळींच्या २०१७च्या एका अभ्यासात तर चारच गोष्टी पाहिल्या होत्या: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला पंधरा सेकंदांहून अधिक लागतात का, बुद्धी शाबूत आहे का, रक्तातले हिमोग्लोबिन किती, आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन किती. हृदयाचा फोटो न काढता या चार गोष्टींवरून पुढचा बराचसा अंदाज बांधता आला.

आणि हे काही नवे शास्त्र नव्हे. क्लीव्हलंडच्या स्टडली नावाच्या सर्जनने १९३६ साली पोटातल्या व्रणाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला होता. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन एक पंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांच्यातला तिसरा माणूस दगावला. बाकीच्यांत शंभराला साडेतीन. त्याहीपूर्वी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात रोग्याच्या खाण्यावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. आपल्या सुश्रुताने तर काही ठरावीक शस्त्रकर्मे सोडली तर रोग्याला आधी खाऊ घालावे असे सांगून ठेवले आहे. पोट रिकामे ठेवून भूल देणे हे पुढे आले, आणि ते योग्यच आहे; पण पोट सहा तास रिकामे ठेवणे वेगळे आणि सहा महिने रिकामे ठेवणे वेगळे.

आत्याचे सहा महिने कसे गेले होते, ते त्या मुलीने तासाभरात बाहेर काढले. मी वर्गात मुलांकडून कवितेचा अर्थसुद्धा इतक्या चिकाटीने काढून घेत नाही. सोमवार चार, एकादशा दोन, संकष्टी एक. म्हणजे महिन्यातले सात दिवस उपासाचे. उपासाला साबुदाणा, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन नावालाच. रात्री 'जड पडतं' म्हणून चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी मऊ भात आणि ताक. पोळी सुटली, कारण कवळी सैल झाली होती. अंग वाळले की हिरड्याही आक्रसतात, कवळी हलते, चावताना टोचते, माणूस आणखी मऊ आणि आणखी थोडे खाते, मग कवळी आणखी सैल होते. त्यात डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले. मीठ कमी म्हणजे चव कमी, चव कमी म्हणजे घास कमी, आणि सांगितलेले पथ्य पाळले याचे समाधान वर. शिवाय जेवतानाच धाप लागते, आणि आतड्यांनाही सूज असल्याने चार घासांत पोट भरल्यासारखे होते. झडप बिघडल्याने भूक मरते आणि भूक मेल्याने झडपेचा उपचार सोसण्याचे बळ जाते. चक्र कुठून सुरू झाले ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

"मासळी खाता का आजी?"

"पूर्वी खायचे," आत्या म्हणाली.

आमच्याकडे मासळी चालते. आत्याच्या हातचा बोंबलाचा ठेचा अजून नातेवाइकांत निघतो. काका गेले त्या दिवशी तिने ती सोडली. कोणी सोडायला लावले नव्हते, आणि कोणी 'सोडू नकोस' असेही म्हटले नव्हते. घरातली विधवा बाई एकेक पदार्थ ताटातून कमी करत जाते आणि त्याबद्दल घरात अवाक्षर निघत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सुधारणेवर आपण व्याख्याने पुष्कळ देतो. ताटात डोकावणे राहून जाते.

हिशेब असा निघाला. आत्याच्या पोटात दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने जात होती. आजारी वृद्धाला किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास हवीत, म्हणजे तिच्या वजनाला पन्नास. नेमकी निम्मी.

आता पुढचा पेच. वाचक म्हणतील, मग आधी चांगले खाऊ घालावे, अंगात बळ आणावे आणि दिवाळीनंतर झडप बसवावी. आमच्या धाकट्या काकांचे हेच मत होते आणि त्यांनी ते मोठ्या आवाजात मांडले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, तेवढा वेळ ही झडप देणार नाही." धाप आणि घेरी सुरू झाल्यानंतर अशी झडप वाट पाहत नाही. २०१० साली छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत, छाती उघडण्याजोगी प्रकृती नसलेल्या रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेले निम्मे वर्षभरात गेले. टावी झालेल्यांत सुमारे एकतीस टक्के. म्हणजे थांबावे तर झडप नेणार आणि घाई करावी तर अशक्तपणा नेणार. शिवाय अशक्त माणसे अधिक दगावतात हे खरे असले, तरी त्यांना चार दिवस खाऊ घातले की धोका टळला, असा त्याचा अर्थ होत नाही. अल्ब्युमिनसुद्धा केवळ अन्नाने घटत नाही, आजाराच्या दाहानेही घटते. डॉक्टरांनी हे काही लपवले नाही. ते म्हणाले, "मी तीन आठवडे देतो. घेरी आली तर त्याच दिवशी घेऊन या. या तीन आठवड्यांत जे अंगी लागेल ते लागेल, आणि उरलेलं झडप बसल्यावर. खरं जेवण नंतरच सुरू होणार आहे."

मला हे उत्तर आवडले. त्यात कसलीही बढाई नव्हती.

ते तीन आठवडे आमच्या हिचे स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा झाली होती. दोन मोठी जेवणे बंद. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे. दुधात दुधाची भुकटी कालवून तेच दूध दाट करायचे, म्हणजे पेला तेवढाच आणि सत्त्व दीडपट. भात शिजवताना त्यात मुगाची डाळ, वर मेतकूट. वालाचे बिरडे सोलून, गाळ शिजवून. नाचणीचे सत्त्व दुधात. दाण्याचे कूट जिथे जाईल तिथे. मिठाऐवजी लिंबू, जिरे, आमसूल, भरपूर कोथिंबीर. अर्थात ज्यांच्या मूत्रपिंडाला दुखणे आहे त्यांनी हा कित्ता गिरवू नये. त्यांच्या प्रथिनांचा हिशेब डॉक्टर वेगळा मांडतात. आधी मात्र कवळी दुरुस्त केली. भिवंडीच्या दंतवैद्याने तासाभरात ती घट्ट बसवून दिली, आणि त्या एका तासाने जे काम केले ते कुठल्याही महागड्या डब्यातल्या पावडरीने केले नसते.

अंड्याचा प्रश्न बिकट होता. हिने दोन दिवस विनवण्या केल्या: "आत्या, औषध म्हणून घ्या." आत्या ऐकेना. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "अंडं म्हणजे काही मासळी नव्हे." हा निर्णय तिने कोणत्या धर्मग्रंथाच्या आधारे दिला ते मी विचारले नाही. रोज दोन अंडी, म्हणजे बारा ग्रॅम, जमेला धरली.

उपासाचे कसे करायचे, यावर तिचा आणि माझा एक संवाद झाला. मी तिला कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. मराठी वाचकाला दुर्गाबाई भागवत ठाऊक असतात; त्यांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांच्याशी वाद घालून त्यांनी तो मिळवला आणि तिथे दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट १९३९ साली मिळवून त्या परत आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेसारख्या गरिबाला परवडणाऱ्या पदार्थांत काय पोषण आहे, ते मोजत राहिल्या. ज्या मूग-मटकीला आपण 'आजाऱ्याचं खाणं' म्हणून नाक मुरडतो, तिच्याकडे एवढी विदुषी आयुष्यभर आदराने पाहत होती. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या एकादशी करायच्या का रे?" मला सांगता आले नाही. तेव्हा तडजोड अशी झाली, की एकादशी राहील, पण साबुदाण्याऐवजी दूध, दाणे आणि राजगिरा. आणि सोमवार झडप बसेपर्यंत देवाकडे ठेव म्हणून राहतील.

टावीच्या आधी एक तपासणी उपाशीपोटी करायची होती. सकाळी आठला या म्हणाले. रात्री नऊनंतर काही देऊ नका म्हणाले. दहाला यंत्र बिघडले, बाराला आणीबाणीचा दुसरा रुग्ण आला, आणि आत्याला आत नेले ते चार वाजता. एकोणीस तास! आता शास्त्र असे सांगते, की घन अन्न सहा तास आधी थांबवावे आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. पण 'उपाशी ठेवा' हे सांगायला एक शब्द पुरतो आणि 'आता तपासणी लांबली, यांना काही द्या' हे सांगायला कोणीतरी आठवण ठेवावी लागते. इस्पितळाचे नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एकाच इस्पितळातली नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी दर दोन तासांनी काउंटरवर जाऊन विचारावे. लोक त्रासिक चेहरा करतात, करू द्यावा. आत्या मात्र बाकावर शांत बसून होती. "आज कुठलीच तिथी नाही," ती म्हणाली, "उपास फुकट गेला."

टावी चैत्रात झाली. सव्वा तास लागला. चौथ्या दिवशी ती टेमघरला परत आली, आणि पहिल्या आठवड्यात वजन एक्केचाळीसवरून अडतीसवर आले. सगळे घाबरले. ते पाणी उतरत होते. आतली खरी आत्या अडतीस किलोची होती, हे तेव्हा दिसले. मग ज्येष्ठात एकोणचाळीस, आषाढात चाळीस, भाद्रपदात सव्वाएक्केचाळीस. काट्यावरचा आकडा पहिल्याच्या जवळ आला, पण आता घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडत नाही. संध्याकाळी मेट्रोच्या खांबांच्या कडेने ती हिच्याबरोबर थोडे चालून येते. खुर्चीतून पाच वेळा उठायला फाल्गुनात तिला जमलेच नव्हते. आता अठरा सेकंद लागतात. पंधरावर यायचे आहे, असे ती म्हणते. परीक्षेला बसल्यासारखी तिची तयारी चालू असते.

मासळीचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. श्रावण संपल्यावर एका रविवारी हिने सुकटीची चटणी केली, तीही मीठ धुऊन काढून; आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कांदा जरा आणखी लाल होऊ दे." एवढेच. खाल्ली नाही.

त्या आहारतज्ज्ञ मुलीने जाताना शिंप्याची टेप आत्याला भेट दिली होती, पोटरी मोजायला. आत्याची पोटरी साडेअठ्ठावीसवरून तीसवर आली आहे. परंतु टेप हातात आल्यावर माणूस स्वतःपुरते थांबत नाही. नवरात्रात आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा प्रसाद द्यायला आले होते. नऊ दिवसांचा उपास चालू, अंगात सदरा झुलत होता. आत्याने त्यांना खुर्चीत बसवले, लेंगा वर करायला लावला आणि टेप गुंडाळली. सत्तावीस भरली.

"एरवी रात्री काय जेवता हो?" तिने विचारले.

"रात्री कुठलं! चहा आणि खारी," आजोबा म्हणाले.

आत्याने हिला हाक मारली आणि सांगितले, "उपास सुटेल त्या दिवशी यांच्या सुनेला जरा वर बोलाव. बिरडं कसं गाळ शिजवायचं ते दाखवते."